सागरी गोगलगायी, शंखहीन : जातिनिर्धारणाचा इतिहास

मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील हे प्राणी प्रवाळभित्तींवर व खडकाळ किनाऱ्यांवर आढळतात. क्लोम उघडे असल्याने यांतील एका मोठ्या गटास नग्नक्लोमी (न्यूडिब्रँक) म्हणतात. डिंभावस्थेत त्यांना शंख असतो. पुढे तो नाहीसा होतो. इतर गोगलगायींच्या जाती बहुधा शंखावरून ओळखता येतात. येथे ते साधन उरत नाही. रंग हे ठळक लक्षण खरे. परंतु मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो व शरीर आकसते. त्यामुळे जिवंतपणी काढलेल्या चित्रास नमुन्याइतकेच महत्त्व आले.

श्रीलंकेत वैद्यकीय सेवेत असलेले एडवर्ड केलार्ट यांनी १८५८-५९ च्या सुमारास तेथील अनेक जातींची वर्णने केली. प्रवाळभित्तींवरील फायलिडिएला झेलॅनिका ही त्यांपैकी एक. मद्रास इलाख्यातील अधिकारी वॉल्टर एलिअट यांनी वॉल्टेअर (विशाखापटनम्) येथे जमविलेले नमुने व रंगचित्रे इंग्लंडमधील ऑल्डर व हॅन्कॉक यांच्याकडे गेली. त्यांवरून त्यांनी १८६४ मध्ये कॅलिंगा ऑर्नेटा व इतर जातींची वर्णने प्रसिद्ध केली. केलार्ट १८६० मध्ये निवर्तले. मात्र त्यांची चित्रे न्यूकॅसल येथील संग्रहालयात जपली गेली. त्यांच्याच आधारे चार्ल्स एलियट यांना १९०६ मध्ये जुन्या नावांची फेरतपासणी करता आली.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी निगडित महत्त्वाचे उदाहरण विंकवर्थ यांनी १९४६ मध्ये वर्णिलेल्या जातीचे होय. मुंबईवरून नाव मिळालेली ही जाती दीर्घकाळ क्रोमोडोरिस बॉम्बेयाना म्हणून ओळखली जाई. जनुकीय अभ्यासानंतर २०१२ मध्ये या कुलातील वंशांची फेरमांडणी झाली आणि तिचे नाव गोनिओब्रँकस बॉम्बेयानस असे झाले. वंश बदलला, तरी मुंबईचा निर्देश कायम राहिला.

आता बाह्य रंगरूप, जिभेवरील दंतपट्टिका (रॅड्युला), जननेंद्रियांची रचना व जनुकीय क्रम यांचा एकत्रित विचार करतात. याच पद्धतीने २०२० मध्ये पश्चिम भारतातून क्रॅटेना पोशित्रा व क्रॅटेना पवारशिंदेओरम या दोन नव्या जाती नोंदविल्या गेल्या. पहिलीचे नाव कच्छच्या आखातातील पोशित्रा या स्थळावरून आले आहे. तथापि रंगाची नोंद प्राणी जिवंत असतानाच घ्यावी लागते. ती राहून गेल्यास जतन केलेल्या नमुन्यावरून पुढे मिळविता येत नाही.