ऑर्किड घ्यायचंय? आधी पडवीतलं ऊन बघा, मग फुलाचा रंग

सिंधुदुर्ग : पावसाळा जवळ आला की झाडं लावायची हौस जागी होते. नर्सरीत गेलं की ऑर्किडचं जांभळं-पांढरं फूल लगेच नजरेत भरतं. एकदा उमललं की ते महिनाभर टिकतं, म्हणून लोक आवडीने घरी नेतात. पण फक्त रंग बघून आणलेलं झाड बहुतेक वेळा पुढचा उन्हाळा बघत नाही. कुठलं ऑर्किड जगेल हे आपल्या घरचं ऊन, सावली आणि हवा ठरवते.

आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आंब्या-फणसाच्या फांदीवर वाढते म्हणून अनेक जण तिला बांडगूळ समजून तोडून टाकतात. बांडगूळ झाडात मूळ घुसवून रस शोषतं. आमरी फक्त सालीला धरून बसते आणि पाऊस, दव व सालीवर साचलेला पालापाचोळा यावर जगते. तिच्यामुळे आंब्याचं नुकसान होत नाही. सगळ्याच आमऱ्या झाडावर वाढतात असंही नाही, काही जमिनीत येतात. व्हॅनिलाची वेलसुद्धा आमरीच्याच कुळातली.

कुठल्या जागेला कुठली जात?

डेंड्रोबियम : कोकणातल्या उष्ण, दमट हवेला ही जात मानवते. पहिल्यांदा लावणाऱ्याने हीच घ्यावी. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी ५० टक्के शेडनेटची सावली पुरते. अगदी अंधाऱ्या पडवीत पानं वाढतात, पण फूल येत नाही.

व्हँडा : टोपलीत टांगायची, मुळं हवेत लोंबती ठेवायची. हिला भरपूर उजेड लागतो आणि उन्हाळ्यात रोज मुळं भिजवावी लागतात. घर चार-चार दिवस बंद राहत असेल तर ही घेऊ नये.

फॅलेनॉप्सिस : रुंद पानांची, फुलपाखरासारख्या फुलांची. थेट ऊन नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो. फुलं दोन-तीन महिने टिकतात. पण पुन्हा फुलायला काही आठवडे रात्रीचा गारवा लागतो, म्हणून किनारपट्टीपेक्षा आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर ही जास्त रमते.

स्पॅथोग्लॉटिस : ही जमिनीत लावायची. पाणी न साचणारी भुसभुशीत माती आणि अर्धं ऊन मिळालं की अंगणाच्या कडेला वर्षातले बरेच महिने फुलते. कुंडीची कटकट नको असेल त्यांच्यासाठी ही बरी.

सिंबिडियम : सिक्कीम-दार्जिलिंगच्या थंडीतलं झाड. फुलं देखणी असली तरी मालवण-वेंगुर्ल्याच्या उकाड्यात घेऊ नये.

विकत घेताना काय बघावं?

- मुळं टणक हवीत. कोरडी असताना रुपेरी-पांढरी आणि पाणी मारल्यावर हिरवी दिसली तर झाड चांगलं. तपकिरी, दाबल्यावर चेपणारी मुळं कुजलेली असतात.
- पानं पोपटी-हिरवी असावीत. गडद हिरवी म्हणजे उजेड कमी मिळालाय, पिवळी-लालसर म्हणजे ऊन जास्त झालंय.
- डेंड्रोबियमच्या बुडाशी नवा फुटवा असावा.
- टिश्यू कल्चरची बारीक रोपं स्वस्त मिळतात, पण फुलायला दोन-तीन वर्षं जातात. थांबायची तयारी नसेल तर फुलावर आलेलंच झाड घ्यावं.

कुंडीत माती नको

सगळ्यात जास्त झाडं मातीनेच मरतात. झाडावर वाढणाऱ्या आमरीच्या मुळाला हवा लागते. कुंडीत लोणारी कोळसा, फुटक्या कौलांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलून भिजत ठेवावं. कुंडीला खाली आणि बाजूला भोकं हवीत.

पाणी सकाळी द्यावं, आणि मुळं पांढरी दिसू लागल्यावरच परत द्यावं. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम, मचूळ विहिरीचं टाळावं. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅम या मापाने फवारावं. जास्त खताने मुळं करपतात. जून ते ऑगस्ट कुंड्या पागोळीखालून हलवून छपराखाली घ्याव्यात, कारण पानांच्या बेचक्यात पाणी साचलं की गाभा कुजतो. गोगलगायी कोवळे कोंब आणि कळ्या खातात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात.

जंगलातली आमरी जंगलातच

बाजारात कधी कधी लेबल नसलेली, मुळाला सालीचे तुकडे चिकटलेली झाडं जुडीने विकायला येतात. ती जंगलातून ओरबाडलेली असतात. तुटलेल्या मुळांची ही झाडं घरी क्वचितच जगतात. राखीव वनातून अशी झाडं काढणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.

नुकसान लवकर भरूनही येत नाही. आमरीच्या एका शेंगेत हजारो-लाखो बिया असतात, पण त्या धुळीइतक्या बारीक आणि बीत अन्नाचा साठा नसलेल्या. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजतं, आणि रोप फुलायला कित्येक वर्षं लागतात. आपल्या आंब्यावर पावसाच्या तोंडाला लोंबणारी गुलाबी-पांढरी सीतेची वेणी अशीच तयार झालेली असते. आसामचं हे राज्यफूल, तिकडे बिहू नाचताना मुली ते केसांत माळतात.

स्वतःच्या बागेत वादळाने फांदी मोडली किंवा जुनं झाड तोडावं लागलं, तर मात्र त्यावरची आमरी वाया घालवू नये. सालीसकट हलक्या हाताने सोडवून दुसऱ्या आंब्याच्या किंवा फणसाच्या खडबडीत खोडाला सुंभाने बांधावी. मृगाच्या सुमारास बांधली तर पावसाळाभर नवी मुळं धरतात आणि पुढे सुंभ आपोआप कुजून जातं. यात खर्च काही नाही, आणि जात गावातच राहते.