डबाबंदीचे यंत्र आणि त्याची मालकी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

डबाबंद अन्नाचा इतिहास बहुधा फ्रान्समधील निकोला आपेर याच्यापासून सांगितला जातो. अन्न हवाबंद करून उष्णता दिल्यास ते दीर्घकाळ टिकते, हे त्याने दाखवून दिले व १८१० मध्ये त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. तथापि आपेरचे प्रयोग काचेच्या बाटल्यांवरचे होते. धातूचा डबा तयार करणे आणि तो बंद करणे हा वेगळा प्रश्न होता व तो सुटण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. हा प्रश्न सोडविणारी यंत्रे कोणती, आणि ती ज्यांच्या ताब्यात गेली त्यांच्याकडे उद्योगाची सूत्रे कशी गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हस्तकौशल्याचा कालखंड

इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने १८१० मध्येच कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्याचा समावेश असलेले पेटंट घेतले. ते ब्रायन डाँकिन व जॉन हॉल यांच्याकडे आले आणि १८१३ च्या सुमारास लंडनच्या बर्मंडसी भागातील कारखान्यातून ब्रिटिश नौदलाला डबे मिळू लागले. डाँकिन हा कागद तयार करण्याच्या यंत्राच्या विकासासाठी ख्यातनाम असलेला अभियंता होता. तरीही त्याच्या कारखान्यातील डबे हातानेच घडविले जात. पत्रा कापणे, तो वाकवून नळकांडे करणे, बूड व झाकण बसविणे आणि प्रत्येक सांधा कथिल-शिशाच्या झाळणाने बुजविणे ही सर्व कामे कारागिराची होती.

या डब्याच्या झाकणाला एक भोक असे. त्यातून अन्न भरल्यावर भोकावर पत्र्याची चकती झाळून बसवीत. चकतीत वाफ बाहेर पडण्यापुरते सूक्ष्म छिद्र ठेवून ते झाळणाच्या शेवटच्या थेंबाने बंद करीत. डब्याचे यशापयश या थेंबावर अवलंबून होते. सांधा किंचित उघडा राहिला तर आतील अन्न नासत असे.

यांत्रिकीकरण आणि कारागीर

यांत्रिकीकरणाला खरी गती अमेरिकेत मिळाली. १८४६ मध्ये हेन्री इव्हान्स याने झाकण व बूड एकाच ठोक्यात कापून आकार देणारा दाबयंत्राचा साचा आणला. त्यामुळे ताशी पाच-सहा डब्यांऐवजी पन्नास-साठ डबे होऊ लागल्याची नोंद आढळते. १८८३ मध्ये शिकागोच्या नॉर्टन बंधूंनी डब्याची उभी शिवण झाळणारे अर्धस्वयंचलित यंत्र वापरात आणले आणि उत्पादनाचा वेग ताशी सुमारे २,५०० डब्यांपर्यंत गेला.

डबा तयार करणे यंत्राकडे गेले तरी भरलेला डबा बंद करणे काही काळ माणसाच्याच हाती राहिले. झाकणाची चकती झाळणारा कुशल कामगार हा हंगामातील सर्वांत महत्त्वाचा माणूस ठरला. टोमॅटो, वाटाणा किंवा फळे थांबत नाहीत. अशा वेळी त्याने काम थांबविले तर मालकाचा सारा माल वाया जाणार, हे उभयपक्षी ठाऊक होते. त्याच्या चढ्या मजुरीचे मूळ कौशल्याइतकेच या नाशवंतपणात होते. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉक्स याचे झाकण झाळणारे यंत्र आले आणि हे बळ ओसरू लागले. यंत्राने श्रम वाचविले, त्याचबरोबर वाटाघाटीतील कामगाराचे स्थानही दुबळे केले, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

दुहेरी शिवणीचा शोध

निर्णायक बदल झाला तो झाळणच अनावश्यक ठरविणाऱ्या पद्धतीने. न्यूयॉर्कच्या मॅक्स आम्स कंपनीशी संबंधित चार्ल्स आम्स याने १८९६ मध्ये झाकणाच्या कडेला रबरयुक्त लेप देण्याचे पेटंट घेतले. पुढील काही वर्षांत त्यावर आधारित दुहेरी शिवण प्रचारात आली. हे यंत्र दोन टप्प्यांत काम करते. पहिला रोलर झाकणाची कड डब्याच्या बाहेर वळविलेल्या ओठाखाली दुमडतो व दोन्ही कडा एकमेकींत अडकवितो. दुसरा रोलर ही घडी दाबून घट्ट करतो. शिवणीत झाकणाच्या पत्र्याचे तीन व डब्याच्या पत्र्याचे दोन असे पाच थर एकत्र येतात आणि मधला लेप उरलेली फट भरून काढतो.

भोकाची गरज संपल्याने डब्याचे तोंड पूर्ण उघडे ठेवून अखंड फळे वा मोठे तुकडे भरता येऊ लागले. अशा डब्याला ‘सॅनिटरी कॅन’ असे नाव पडले. उभ्या शिवणीला मात्र झाळण लागतच राहिले. अमेरिकेतील उत्पादकांनी शिशाच्या झाळणाचे डबे १९९१ पर्यंत थांबविले व १९९५ मध्ये त्यांवर बंदी आली. तोवर विद्युत जोडकामाने बंद केलेली शिवण रूढ झाली होती.

यंत्र कोणाचे?

दुहेरी शिवणीने नवे परावलंबित्वही आणले. शिवण निर्दोष होण्यासाठी डब्याचा ओठ, झाकणाची कड आणि रोलर यांची मापे तंतोतंत जुळावी लागतात. साहजिकच डबे पुरविणारी कंपनीच शिवणयंत्रही पुरवू लागली.

१९०१ मध्ये अनेक कारखान्यांच्या एकत्रीकरणातून अमेरिकन कॅन कंपनी स्थापन झाली. प्रतिस्पर्धी उभे राहू नयेत म्हणून तिने डबे तयार करण्याच्या यंत्रांच्या प्रमुख उत्पादकांशी करार करून त्यांचे उत्पादन काही वर्षांसाठी स्वतःकडे बांधून घेतले. तरीही १९०४ मध्ये एडविन नॉर्टन याने काँटिनेंटल कॅन ही प्रतिस्पर्धी कंपनी उभी केली. १९१६ मध्ये न्यायालयाने अमेरिकन कॅनच्या स्थापनेमागील व्यवहारांवर ठपका ठेवला, परंतु कंपनीचे विभाजन केले नाही.

पुढे या कंपन्या अन्नप्रक्रिया कारखान्यांना शिवणयंत्रे अल्प भाड्याने देत आणि त्याबरोबर सर्व डबे आपल्याकडूनच घेण्याचे दीर्घ मुदतीचे करार करीत. स्वस्त भाडे हे वरकरणी सवलतीसारखे दिसे. प्रत्यक्षात यंत्र परत गेले की कारखाना बंद पडे, म्हणून दुसऱ्याचे डबे घेणे अवघड होई. १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संघीय न्यायालयाने ही पद्धत अवैध ठरविली. १९५० च्या आदेशाने करारांची मुदत एक वर्षावर आणली व यंत्रे विक्रीस ठेवण्याचे बंधन घातले. त्यानंतर अनेक कारखानदारांनी यंत्रे विकत घेतली.

भारताकडे हे तंत्र अशाच करारांच्या वाटेने आले. ब्रिटनच्या मेटल बॉक्स कंपनीने १९३० मध्ये काँटिनेंटल कॅनकडून यंत्रे व तांत्रिक ज्ञान मिळविण्याचा करार केला आणि १९३३ मध्ये कलकत्त्यात भारतीय कंपनी सुरू झाली. कोकणातून बाहेर जाणाऱ्या हापूसच्या रसाचा डबाही याच दुहेरी शिवणीने बंद होतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, डबाबंदीतील प्रत्येक सुधारणेने डबा अधिक सुरक्षित व स्वस्त केला, आणि त्याच वेळी तो बंद करण्याची सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात नेली. ती प्रथम कारागिराकडे होती, नंतर यंत्राच्या मालकाकडे गेली. ती काही अंशी प्रक्रिया करणाऱ्याकडे आली ती केवळ कायद्याच्या हस्तक्षेपामुळे. नाशवंत माल हाती असलेल्या उत्पादकाला वाट पाहता येत नाही. म्हणूनच लहान प्रक्रिया उद्योगांचा विचार करताना यंत्राच्या क्षमतेइतकाच ते कोणाच्या मालकीचे व कोणत्या अटींवर आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.