कॅनडाचे इमिग्रेशन : बदलत्या ड्यूटीचे तास कसे सिद्ध कराल?

शिफ्टमध्ये राबणाऱ्या परिचारिका, कंत्राटी इलेक्ट्रिशियन, तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक असे आपले अनेक शिकलेले तरुण कॅनडाच्या ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ योजनेत अर्ज करू पाहतात. त्यांच्याकडे अनुभव असतो, पण तो कागदावर नसतो. अर्ज तपासणारा अधिकारी मात्र कागदच पाहतो.

नियम काय आहे?

मागील १० वर्षांत, एकाच व्यवसायात, किमान एक वर्षाचा सलग व सशुल्क अनुभव लागतो. त्याचे एकूण १,५६० तास भरले पाहिजेत. म्हणजे आठवड्याला ३० तास याप्रमाणे १२ महिने, किंवा १५ तासांप्रमाणे २४ महिने. विनावेतन काम धरले जात नाही.

आठवड्यात ३० तासांपेक्षा जास्त केलेले काम हिशेबात येत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. समजा, एका परिचारिकेने चार आठवड्यांत ४८, ४८, १२ आणि १२ तास ड्यूटी केली. बेरीज १२०, म्हणजे सरासरी ३०. पण ग्राह्य तास ३०, ३०, १२ आणि १२, म्हणजे फक्त ८४. असेच चक्र चालू राहिले, तर १,५६० तास भरायला तिला ५२ नव्हे, ७४ आठवडे लागतील. म्हणून महिन्याच्या सरासरीवर विसंबू नका, आठवड्याचा तक्ता करा.

अनुभवपत्रात काय हवे?

आपल्याकडच्या दाखल्यात ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीस होते, वर्तणूक चांगली’ एवढेच असते. ते पुरत नाही. लेटरहेडवरील पत्रात पद, कामाचे स्वरूप, तारखा, आठवड्याचे तास, वार्षिक पगार व भत्ते, संस्थेचा संपर्क आणि वरिष्ठांचे नाव, हुद्दा व सही हवी. तास बदलते असतील तर तसे स्पष्ट लिहून घ्या आणि कालावधीनुसार तास नोंदवायला सांगा. पगार ठेकेदार देत असेल तर पत्र त्याच्याकडूनच घ्या. जिथे प्रत्यक्ष काम केले तिथल्या वरिष्ठांचे पत्र पूरक म्हणून जोडा.

पूरक पुरावे

ड्यूटी चार्ट आणि हजेरीपटाच्या प्रती तास दाखवतात. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि पीएफ पासबुक यांवरून नोकरी व पगार सिद्ध होतो, तास नव्हे. म्हणून दोन्ही प्रकार हवेत. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी प्रत्येक सत्राचा नियुक्ती आदेश आणि मानधनाची बिले जपावीत. दोन सत्रांमधला खंड त्यांच्या सलग अनुभवाला अडचणीचा ठरू शकतो, हेही लक्षात ठेवावे. स्वयंरोजगार असेल तर व्यवसायाची मालकी, उत्पन्न आणि ग्राहकांनी दिलेली कामाची व पैशांची पत्रे लागतात.

मराठी कागदांसोबत इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर द्यावे लागते. ते स्वतः किंवा घरच्यांनी केलेले चालत नाही.

मालक पत्र देत नसेल तर?

मागणी लेखी करा आणि तिची पोच ठेवा. मग वरचे पुरावे, आठवड्यांचा तक्ता व स्पष्टीकरणाचे पत्र जोडा. अर्ज मान्य होईलच असे नाही, पण अधिकाऱ्यासमोर खरा हिशेब जातो.

एजंटच्या सांगण्यावरून ‘दर आठवड्याला ४० तास’ असे सरसकट पत्र मात्र बनवू नका. खोटी माहिती आढळल्यास पाच वर्षांची बंदी येते. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकारही फक्त कॅनडातील मान्यताप्राप्त वकील व परवानाधारक सल्लागार अशांनाच आहे.

अर्जाचे निमंत्रण आल्यावर हातात ६० दिवस असतात. जुना ड्यूटी चार्ट तेव्हा शोधायला गेलात तर तो रद्दीत गेलेला असेल. त्यामुळे आज नोकरीत असाल तर दर महिन्याच्या चार्टचा फोटो आजपासूनच काढून ठेवा.