नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर ९० दिवस थांबावंच लागतं का?

मी येरवड्यातल्या एका आयटी कंपनीत होतो. राजीनामा दिला तेव्हा नोटीस ९० दिवसांची होती आणि नवी कंपनी ४५ दिवसांत या म्हणत होती. एचआरने सांगितलं, "आधी गेलात तर कायदेशीर कारवाई होईल." मी घाबरलो. मग ऑफर लेटर नीट वाचलं, कायदाही वाचला. जे समजलं ते इथे देतोय.

कंपनी जबरदस्तीने थांबवू शकते का?
नाही. नोटीस पिरियड हा करार आहे. तो मोडणं हा फौजदारी गुन्हा नाही, दिवाणी बाब आहे. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम १४ मुळे "याच कंपनीत काम करा" असा आदेश कोर्ट सहसा देत नाही.

मग पैसे मागू शकते का?
हो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाई मागता येते, पण करारात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलची २ लाखांची अट वैध ठरवली. ते प्रकरण बाँडचं होतं, पण सही केलेली अट कोर्ट गांभीर्याने घेतं हे त्यातून कळतं.

रक्कम कशी मोजायची?
बायआउट बेसिकवर आहे की ग्रॉसवर, ते बघा. समजा बेसिक ४०,००० आणि ग्रॉस ९०,००० आहे. ६० दिवस कमी पडले तर बेसिकवर ८०,००० आणि ग्रॉसवर १,८०,००० भरावे लागतील. या रकमेवर जीएसटी लागत नाही. ऑगस्ट २०२२ च्या सरकारी परिपत्रकात हे स्पष्ट केलंय.

शेवटचा पगार कधी मिळतो?
वेतन संहिता, २०१९ नुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

पीएफचं काय?
कंपनीने एक्झिट डेट भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर ती स्वतः टाकता येते.

खरी अडचण कुठे येते?
रिलीव्हिंग लेटरमध्ये. नवी कंपनी ते मागते, म्हणून न सांगता गायब होऊ नका. राजीनामा ईमेलने द्या आणि त्याची एक प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा. "बायआउट कंपनीच्या मर्जीवर" असं वाक्य असेल, तर मंजुरी लेखी घ्या.

मी हँडओव्हरची यादी जोडून बायआउट मागितला. आधी नकार आला. काम कोण घेणार हे मॅनेजरने ठरवल्यावर होकार आला. ४५ दिवसांचं बेसिक भरलं आणि लेटर घेऊन बाहेर पडलो. "कायदेशीर कारवाई" हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही.

आज राजीनामा द्यायचा नसला तरी ऑफर लेटर उघडा आणि नोटीसचं कलम वाचून ठेवा.