मोडीचा धडा आणि घरातील दोन डिस्क

१/ ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. धरमतर खाडीच्या मुखावरील रेवससारख्या गावात घराण्याचे मोडी कागद स्कॅन करून जपायचे, तर वीज जाणार हे गृहीत धरावे लागते.

२/ एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडतात. ही पद्धत म्हणजे ‘रेड’. हे नाव १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या शोधनिबंधाने रूढ केले. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क, हा त्यांचा प्रस्ताव होता.

३/ या डिस्कचा कारभार पाहणार कोण? तेव्हाचे प्रोसेसर मंद होते. म्हणून हिशेबाचा भार स्वतंत्र कार्डावर टाकला गेला. हे हार्डवेअर रेड. चांगल्या कार्डाला बॅटरी असते, त्यामुळे लिहिताना वीज गेली तरी अर्धवट नोंद वाचते.

४/ पुढे प्रोसेसर वेगवान झाले. १९९० च्या दशकात लिनक्सनेच हा कारभार हाती घेतला. सन कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस प्रणाली तर जुन्या नोंदीवर न लिहिता नव्या जागी लिहिते. वीज गेली तरी जुनी नोंद शाबूत राहते.

५/ निवडीचे खरे उत्तर मोडीत आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील बहुतेक कागद मोडीत आहेत. कागद टिकले, वाचणारे विरळ झाले. हार्डवेअर कार्डाचेही तसेच. पुष्कळ कार्डांची मांडणी त्यांची त्यांनाच कळते. कार्ड जळाले की डिस्क धडधाकट असूनही मुक्या होतात, आणि दहा वर्षांनी तसेच कार्ड मिळेलच असे नाही. लिनक्सच्या डिस्क मात्र दुसऱ्या लिनक्स संगणकावर वाचता येतात.

६/ म्हणून घरासाठी दोन डिस्क, सॉफ्टवेअर रेड आणि छोटा यूपीएस पुरेसा. कार्ड शोभते ते मोठ्या कचेरीत, जिथे कपाटात जोडीचे दुसरे कार्ड तयार असते.

७/ तरीही रेड म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. चुकून पुसलेला कागद दोन्ही डिस्कवरून जातो. घरात शिरलेले पाणी दोन्ही डिस्क बुडवते. तिसरी प्रत खाडीपलीकडे हवी. रेवसहून भाऊच्या धक्क्याला लाँच जातेच. तीत एक डिस्क मुंबईच्या नातलगाकडे धाडावी. मूळ कागद मात्र कोरड्या पेटीत जपावेत, आणि घरातील एकाने तरी मोडी शिकावी.