अंगणवाडी कर्मचारी : प्रशिक्षण व पदोन्नती

एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील मदतनीस, अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षिका (मुख्यसेविका) यांना नोकरीत असताना मिळणारे प्रशिक्षण आणि एका पदावरून वरच्या पदावर जाण्याची व्यवस्था. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सेविका स्थानिक रहिवासी असावी, हे योजनेचे मूळ सूत्र. त्यामुळे व्यावसायिक शिक्षण घेऊन नोकरीत येण्याऐवजी नेमणुकीनंतर शिकणे, हीच येथील रीत झाली.

पार्श्वभूमी : ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले. अनुताई वाघ त्यात सामील झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. आदिवासी पाड्यांवर जाऊन मुलांना शिकवण्याचा तेथील प्रयोग पुढच्या अंगणवाड्यांना मार्गदर्शक ठरला.

प्रशिक्षण : सेविकेच्या कामात पूरक आहार, लसीकरणास साहाय्य, गृहभेटी, वजन-उंचीच्या नोंदी आणि ३ ते ६ वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण यांचा समावेश होतो. रूढ रचनेत नव्या सेविकेला २६ कामकाजी दिवसांचे कार्य-प्रशिक्षण आणि पुढे ठरावीक काळाने ५ दिवसांचे उजळणी प्रशिक्षण असे. सेविका व मदतनिसांसाठी अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रे, तर पर्यवेक्षिकांसाठी मध्यमस्तरीय प्रशिक्षण केंद्रे होती. २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानाने २१ घटकांचा टप्प्याटप्प्याने शिकण्याचा क्रम आणला. एक विषय बैठकीत समजून घ्यायचा, तो वस्तीत वापरायचा, मग पुढचा घ्यायचा, अशी त्याची पद्धत. महाराष्ट्रात पर्यवेक्षिकेच्या कार्यक्षेत्राला ‘बीट’ म्हणतात. बीटच्या मासिक बैठकीत आणि अंगणवाडीभेटीत तीच शिकवते आणि कामाची तपासणीही करते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार बारावी वा अधिक शिकलेल्या सेविकांसाठी ६ महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी १ वर्षाची पदविका सुचवण्यात आली. रोजच्या कामात खंड पडू नये म्हणून हे अभ्यासक्रम स्मार्टफोन व दूरचित्रवाणीवरून शिकवावेत आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, अशी त्यात तरतूद आहे. १० मे २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ उपक्रमात सेविकांना ३ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते.

पदोन्नती : केंद्राच्या २०२२ मधील ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची ५० टक्के पदे ५ वर्षांचा अनुभव असलेल्या मदतनिसांमधून आणि पर्यवेक्षिकांची ५० टक्के पदे तेवढाच अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायची आहेत. त्यासाठी इतर पात्रताही पूर्ण करावी लागते. नव्या नेमणुकीसाठी किमान बारावी उत्तीर्ण ही अट याच सूचनांत आहे. जुन्या मदतनिसांपैकी अनेकींचे शिक्षण त्याहून कमी असल्याने पहिलीच पायरी त्यांना अवघड जाते. पर्यवेक्षिकेच्या वरचे बालविकास प्रकल्प अधिकारी हे राजपत्रित दर्जाचे पद महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतूनही भरले जाते.

दर्जा : मदतनीस व सेविका मानधनावर काम करतात, तर पर्यवेक्षिका वेतनश्रेणीतील कर्मचारी असते. म्हणून सेविकेची पदोन्नती ही केवळ जबाबदारीतली वाढ नसून तिच्या सेवेचे स्वरूपच बदलणारी असते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने मानधनाचा दर सेविकेसाठी दरमहा ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये केला; राज्ये त्यात आपली भर घालतात. अंगणवाडी सेविकेचे पद हे नागरी सेवेतील पद नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कर्नाटकातील प्रकरणात ठरवले. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याखाली उपदान (ग्रॅच्युइटी) देय असल्याचा निर्णय दिला.