टर्नरचा पूल आणि बोरघाटातले पूल

मंडळी, पडद्यावरचं चित्र जरा नीट बघा. टर्नर या इंग्रज चित्रकाराने 1844 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडलेलं ‘रेन, स्टीम अँड स्पीड’. पाऊस, धुकं आणि त्यातून अंगावर येणारं काळं इंजिन. खाली थेम्स नदीवरचा मेडनहेडचा पूल, ब्रुनेलने विटांत बांधलेला. डावीकडे नदीत होडी आहे, उजवीकडे शेतात नांगर चाललाय, आणि रुळांवर इंजिनापुढे जीव घेऊन पळणारा एक ससा. रंग उडाल्यामुळे तो आता जेमतेम दिसतो. पण आम्हाला विचाराल तर सगळं चित्र त्या सशात आहे. पूल बांधणारे हात मात्र यात नाहीत. चित्र काढलं तेव्हा ते कधीच पांगले होते.

आता आपल्याकडे येऊ. 1853 मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुटली. 1858 मध्ये खंडाळा ते पुणे रूळ पडले, म्हणजे दापोडी-चिंचवडवरून इंजिन धावू लागलं. मधला बोरघाट मात्र प्रवाशांना पालखीत बसून नाहीतर पायी पार करावा लागे. जेम्स बर्कली यांनी आखलेला घाटमार्ग 21 एप्रिल 1863 ला खुला झाला: 25 बोगदे आणि दऱ्यांवरचे 8 मोठे कमानी पूल.

या कामाकडे बघायचं तर चित्रापेक्षा फोटो उपयोगी. 1859 मध्ये मजुरी थकली म्हणून कामगारांनी दंगा केला, पहिल्या ठेकेदाराने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका चालवला, वर घाटाच्या कामाचे फोटोही काढले! त्या काळी एका बाईने, परक्या मुलखात. 1861 च्या सुरुवातीला घाटात 42,000 हून जास्त माणसं राबत होती. पटकी, सुरुंग, दरडी यांत किती गेली, त्यांची नावं कुठल्या कमानीवर कोरलेली नाहीत.

आणि हे पूल तरी किती पक्के? 1867 च्या पावसाळ्यात म्हाऊ-की-मल्लीचा कमानी पूल कोसळला. त्यानंतर या रेल्वेच्या पुलांची तपासणी झाली. कमान बाहेरून देखणी आहे की नाही हे कुणी पाहिलं नाही. खांबाच्या पोटात ठेकेदाराने काय भरलंय, ते उकरून बघितलं गेलं.